काळी भिंत आणि कांदेपोहे

ओल्या घरात भाडेकरू ठेवणं हा गुन्हा आहे, असं मी आमच्या भाडेकरू संघटनेच्या पत्रकात सरळ लिहिलं होतं. आजही तेच म्हणेन. पण न्यूझीलंडमधल्या पापाकुराच्या त्या घरात माझा राग नेमका कुणावर होता, हे अजून मला नीट सांगता येत नाही.

तिथे राहणाऱ्या ताई नाशिकच्या. वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये काम करायच्या, नवरा डिलिव्हरी व्हॅन चालवायचा. मुलीच्या खोलीची भिंत बुरशीने काळी आणि तिच्या छातीत कायम घरघर. घर बदला, डॉक्टर म्हणाले. बदला म्हणे! एका ट्रस्टची स्वस्त भाड्याची, कोरडी घरं होती. त्यांची बाई राहतं घर बघायला येणार आणि ज्यांचे हाल जास्त त्यांचा नंबर आधी. मी ताईंना बजावलं होतं, "काही आवरू नका. आहे तसं दिसू दे."

"बरं," ताई म्हणाल्या.

त्या दिवशी पोचले तर घर लख्ख. भिंत व्हिनेगरने घासलेली, उदबत्ती लावलेली, कांदेपोहे तयार. ट्रस्टची बाई दारात बूट काढून आत आली, 'किआ ओरा' असा माओरी नमस्कार केला, पोहे दोनदा घेतले. किती छान ठेवलंय घर, म्हणाली आणि गेली.

"ताई, काय ठरलं होतं आपलं?"

"अगं, परकी बाई पहिल्यांदा घरात येणार. तिला घाण दाखवू?"

"घाण तुमची नाही, मालकाची आहे."

"ते तुझ्या पत्रकात. तिला वाटलं असतं, बाई आळशी आहे."

"तिचं कामच आहे ते बघायचं."

"तुझी आई काय करते गं, कुणी यायचं असलं की?"

माझी आई सिलिंडरवाला यायचा असला तरी ओटा पुसते. आतून मुलगी खोकत ओरडली, "मम, कॅन आय हॅव सम पोहे नाऊ?"

मी ट्रस्टला फोन करून भांडले. पुन्हा या, म्हटलं. मग वाटलं, मी तरी काय मागतेय? ताईंनी आपली लाज मांडून दाखवावी, एवढंच ना? पण भिंत झाकली तर पोरीचं काय?

ट्रस्टची बाई पुन्हा आली. या वेळी ताईंनी काहीच पुसलं नव्हतं. चहासुद्धा विचारला नाही. स्वतःच पलंग ओढला, पुन्हा काळ्या पडलेल्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. बाईने फोटो काढले, मग इंग्रजीत विचारलं, "हे आधी का नाही दाखवलंत?"

ताईंना इंग्रजी उत्तम येतं. तरी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "सांग तिला, तेव्हा ती पाहुणी होती."

मला ते इंग्रजीत धड सांगताच येईना. काहीतरी पुटपुटले. बाईने मान हलवली. पुढचं रिकामं होणारं घर तुमचं, म्हणाली.

ती बाहेर बूट घालत होती तेवढ्यात ताईंनी फडकं ओलं करून भिंत घासायला घेतली. त्यांना थांबवावं की आपणही एक फडकं मागावं, ते न कळून मी तिथेच उभी राहिले.