मावशींनी केलेली माझी ड्युटी

मी आज जपानमध्ये आहे ती आमच्या मावशींमुळं, हे आधी सांगते. बाकीचं मग.

चिकलठाण्याच्या एका दवाखान्यात त्या आया होत्या. अशा मावशी तुम्हीही पाहिल्या असतील. आपण त्यांना वाट विचारतो आणि चेहरा विसरून जातो. पण या मावशी पेशंटला हात लावायच्या आधी खाटेच्या दांडीवर बांगडी दोनदा वाजवायच्या. "येऊ का?" पेशंट बेशुद्ध असला तरी. मी हसले तर म्हणाल्या, "हसती काय? माणूस पडला म्हणून त्याची खाट धर्मशाळा झाली व्हय?"

एक रिटायर गुरुजी रोज म्हणायचे, "नका येऊ." मावशी खरंच परत जायच्या. पाच मिनिटांनी पुन्हा बांगडी. "आता?" तिसऱ्या खेपेला गुरुजीच हाक मारायचे.

मी पडेगावची, नववीत शाळा सोडलेली. घरी शेरडं-मेंढरं. दवाखान्यात लागले तेव्हा कूस बदलणं, अंग पुसणं मावशींनीच शिकवलं. ज्याच्याशी लग्न ठरवलं होतं, म्हणजे आम्ही दोघांनीच ठरवलं होतं, तो जपानला कारखान्यात गेला. म्हणाला, इथं म्हाताऱ्यांच्या सेवेला माणसं लागतात, जपानी शिकून परीक्षा दे. क्लास क्रांती चौकात, नेमका माझ्या ड्युटीच्या वेळेला. मी नाद सोडला होता. मावशी म्हणाल्या, "तू जा. तुझे पेशंट मी बघते." दहा महिने त्यांनी दोघींचं काम एकटीनं ओढलं.

मी क्लासवरून आले की मी शिकलेले शब्द मावशी पेशंटवर चालवायच्या. जपानीत 'बरं आहे ना' म्हणायला गुरुजींना त्यांनी विचारलं, "दाइजोबु?" गुरुजी म्हणाले, "ती गोळी सकाळीच झाली."

लग्नाचं आणि जपानचं घरी सांगायची माझी हिंमत नव्हती. गुपचूप निघणार होते. "चोर हायेस का तू?" म्हणत मावशी मला घेऊन पडेगावला आल्या. वडील शेळीच्या खुरातला काटा काढत होते.

"दादा, पोरगी विचारायला नाय आली. सांगायला आली."

वडिलांनी मान वर केली नाही. "ऐकलं."

चहा आला नाही. परत निघताना मावशी म्हणाल्या, "ऐकलं म्हणले ना. हे बी लई झालं."

रिक्षात चढताना त्यांनी कंबर धरली. साडीवरून जुनी ओढणी करकचून बांधलेली होती. मी विचारलं, तर म्हणाल्या, "काय नाय, साडी सुटतीय." मला कळलं नाही असं नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मी साडीच सुटतेय असं मानून घेतलं.

इथं जपानच्या वृद्धाश्रमात पहिल्याच दिवशी पाहिलं, आजींना खाटेवरून उचलायला मशीन आहे. झोळीत घालून अलगद उचलतं. मी हातानं उचलायला वाकले तर सोबत काम करणाऱ्या सगळ्या धावल्या. पाठीवर वजन घ्यायचं नसतं, तसा नियमच आहे म्हणे. त्या संध्याकाळी माझे डोळे बघून नवऱ्यानं विचारलं, घरची आठवण आली का? मी हो म्हणाले.

मावशींचा मणका गेला. वर्ष झालं, अंथरुणावर आहेत. सून व्हिडिओ कॉल लावून देते. मावशी मोबाइल इतका जवळ धरायला लावतात की डोळे आणि कपाळच दिसतं. खाट दिसू देत नाहीत. एकदा मी विचारलंच, "मावशी, माझ्यामुळं झालं ना?"

"येडी का तू. वय झालं माझं. जेवलीस का?"

सून नंतर म्हणाली, पाठीला जखम झालीय, पण लाजतात, धड बघूही देत नाहीत.

उन्हाळ्यात मला वीस दिवसांची सुट्टी आहे. पडेगावला नंतर जाईन, आधी मावशींकडं. जखम धुईन, न्हाऊ घालीन, केस विंचरीन. दहा महिने वीस दिवसांत बसत नाहीत, ते मला कळतं. उरलेले पुढच्या सुट्टीत, आणि तिच्या पुढच्या. सगळे दिवस भरून देईन. तेवढं मावशींनी थांबावं.