आईचं कुंकू आणि पुंजाराममामांचं मत

सगळं चर्च ज्यांना मामा म्हणे, त्या पुंजाराममामांना मतं फार होती. चर्चमध्ये कुणी चपला घालून आलेलं त्यांना खपत नसे. भजनाला गिटार चालत नसे. नाताळचं झाड तर मुळीच नाही. आंब्याची डहाळी असताना हे परदेशी झुडूप कशाला, असं त्यांचं म्हणणं. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेला, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा हा काटकुळा माणूस आमच्या मंडळीच्या कमिटीत सर्वांत जुना होता, आणि डोक्यावरचा पदर घसरला म्हणून त्यांनी मला भर उपासनेत हटकलं आहे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. तरी माझ्या घरावर ज्या माणसांचे उपकार आहेत, त्यांत पहिलं नाव मामांचंच घ्यावं लागतं, आणि मी ते आनंदानं घेते.

आम्ही मूळचे ख्रिस्ती नव्हे. मखमलाबादच्या वाटेवर दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. माझी आई बयाबाई दर शनिवारी संध्याकाळी चर्चला फुलं पोचवायची. त्या वेळी आत पेटी-तबल्यावर रविवारच्या भजनांची तालीम चाललेली असे. माझा धाकटा भाऊ काविळीनं गेला, त्या वर्षी आई फुलं देऊन लगेच परतेनाशी झाली. मागच्या सतरंजीवर बसून राहायची. आधी रडायला बसायची, मग ऐकायला बसू लागली, आणि पुढं कधीतरी तिचा त्या प्रभूवर विश्वास बसला. दादा खंडोबाचे भक्त, पण त्यांनी तिला अडवलं नाही. तुला तिथं बरं वाटतं ना, मग जा, एवढंच म्हणाले.

सत्त्याण्णव साली आईनं बाप्तिस्मा मागितला आणि कमिटीत वादाला तोंड फुटलं. कारण होतं आईच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू. आधी कुंकू पुसा, मग बाप्तिस्मा घ्या, असा निरोप आला.

आईनं नवस सोडले होते, उपास सोडले होते, देव्हाऱ्यापुढं हात जोडणं सोडलं होतं. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण आमच्याकडे बाई कुंकू पुसते ती नवरा गेल्यावर. निरोप ऐकून दादा म्हणाले, "मी जिता हाय अजून." त्या दिवशी ते जेवले नाहीत. आई चुलीपुढं बसून राहिली. ज्यानं तिला मुलाच्या दुःखातून वर काढलं त्या प्रभूला ती सोडणार नव्हती आणि नवऱ्यालाही सोडणार नव्हती. दोघांतलं एक निवड असं तिला सांगणाऱ्यांचा मला इतका संताप आला की मी चर्चच्या दिशेनं बघणंसुद्धा सोडलं.

मामा कुणाच्या बाजूचे असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. निफाडकडच्या एका खेड्यात त्यांच्या आईनं बाप्तिस्म्याआधी विहिरीवर सगळ्यांदेखत कुंकू धुऊन टाकलं होतं. नवरा असून रांडव झाली म्हणून गावानं तिला टोचून खाल्लं, आणि नवरा तिच्याशी पुन्हा बोलला नाही. ही हकीकत मामा अभिमानानं सांगत. त्यामुळे आईला प्रश्न विचारायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा आता सगळं आटोपलं असं मी धरून चालले.

रविवारी उपासना झाल्यावर कमिटी बसली. आई सतरंजीवर, केवळ तिच्यासाठी आलेली मी तिच्या शेजारी, दादा बाहेर पायरीवर. मामांनी विचारलं, येशू तुझा कोण? आईनं सांगितलं की तो माझ्या पापासाठी मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि माझा देव तोच, दुसरा नाही. तिचा आवाज जराही हलला नाही.

"मग हे कुंकू कोणत्या देवाचं?" मामा म्हणाले.

"देवाचं नाय, मामा. ह्यांचं हाय." आईनं दाराकडे मान केली.

मामांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. कमिटीतल्या एकानं त्यांना त्यांच्या आईची आठवण करून दिली. तेव्हा ते म्हणाले, "माझ्या आईनं दिलं ते प्रभूला दिलं. त्याची वसुली मी हिच्याकडून करू? मला ते कुंकू आवडत नाही, आजही नाही. पण माझी आवडनिवड म्हणजे शुभवर्तमान नव्हे. प्रभू मेला आणि उठला, यातला एक शब्दही मी कमी होऊ देणार नाही. तो शब्द हिच्याकडे पुरा आहे."

कुणी कुरकुरलं, पण बाप्तिस्मा ठरला. माझं घर दोन तुकडे होता होता वाचलं. दादा पुढं दहा वर्षं जगले आणि ती दोघं शेवटपर्यंत एका ताटात जेवली. त्या प्रत्येक वर्षासाठी मी देवाचे आभार मानते आणि मामांचेही. पुढं मीही त्याच मंडळीत आले; मामा मात्र मला पदरावरून हटकतच राहिले.

बाप्तिस्मा ईस्टरला झाला. त्यानंतर लगेच प्रभुभोजन होतं, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळणारा भाकरीचा आणि द्राक्षरसाचा प्रसाद. पाळकांनी आईच्या डोक्यावर तीनदा ओंजळभर पाणी घातलं. पाण्याबरोबर कुंकू विरघळलं, नाकावरून ओघळलं आणि कपाळ कोरं झालं. असं होईल हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दादा चपला काढून दारात उभे होते. आईचं कपाळ पाहून त्यांचा चेहरा उतरला. मागून कुणीतरी पुटपुटलं, देवानंच निकाल लावला बघा.

मामा उठले. तरातरा दाराशी गेले आणि दादांना मनगटाला धरून आत घेऊन आले. "गेणूभाऊ, तुमचं कुंकू तुम्हीच लावा," म्हणाले. आईच्या बटव्यात डबी होती. दादांनी ती उघडून आईच्या कपाळावर बोट टेकवलं, आणि आई डोळे मिटून रडत होती. मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, कारण त्यांना ते खरोखरच बघवत नव्हतं.

"लावलं का?" त्यांनी तसंच पाठमोऱ्यानं विचारलं. "मग आता आपल्या या बहिणीला प्रभुभोजनाला पुढं येऊ द्या."