पांढरी पाटी आणि शाल

ऑफिसात त्यांना सगळे सावलीमास्तर म्हणत. बंद पडलेल्या धावपट्टीवर ते मोजणीला उभे राहिले की कुणाची सावली मध्ये आलेली त्यांना खपत नसे. साहेबांनाही खुशाल "बाजूला व्हा" म्हणायचे. काम तसं सरळ. दर सोळा दिवसांनी वरून उपग्रह जायचा, तेव्हा खालचं काँक्रीट किती उजेड परत फेकतंय ते यंत्राने मोजायचं. आधी पांढरी पाटी मोजायची, मग काँक्रीट, आणि पाटीच्या मानाने आकडा काढायचा. उपग्रहाची नजर ठीक आहे की नाही, ते या आकड्यावरून ठरे. अंगावरच्या कपड्यांचा उजेड जमिनीवर पडू नये म्हणून मास्तर नेहमी काळेच कपडे घालत.

"लोकांच्या बायका पांढरं धुऊन दमतात, माझ्या नशिबी बारा महिने काळं," असं बायको म्हणायची.

ती गेली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून पाटी तिच्या लोकरी शालीत गुंडाळलेली असे. शालीला तिचा वास होता, म्हणून मास्तर ती धुवू देत नसत. मुलगी धुवायला मागून मागून थकली.

या नऊ वर्षांत एक गोष्ट घडली. काँक्रीटचे आकडे दरवर्षी थोडे थोडे वाढत गेले. म्हातारं काँक्रीट उजळतंय, हे मास्तरांनी सगळ्यांत आधी हेरलं होतं. साहेबांनी त्यावर अहवाल लिहिला आणि त्यात मास्तरांचं नाव घातलं. निवृत्तीला महिना राहिला होता आणि या माणसाचं नाव जन्मात पहिल्यांदा छापून येणार होतं. मास्तर वरून काही दाखवत नसत, पण चालण्यात फरक पडला होता.

निवृत्तीआधी पाटी ऑफिसला परत करायची म्हणून त्यांनी तिच्या चौकटीचे स्क्रू काढले. चौकटीखाली झाकलेली कड पांढरीशुभ्र होती. मधला सगळा भाग पिवळट. लोकरीचं तेल पाटीत उतरलं होतं, दुसरं काय? काँक्रीट होतं तसंच होतं, पाटीच मळत गेली होती. मास्तरांनी पाटी उचलली, शाल पिशवीत टाकली.

मग थेट साहेबांकडे गेले. साहेबांनी पाटी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली.

"कशात गुंडाळत होता?"

"कापडात."

"ते कापड द्या. प्रयोगशाळेत तुकडे करून उकळतील. काय उतरलंय ते कळलं तर जुने आकडे दुरुस्त करता येतील. नाहीतर मास्तर, नऊ वर्षं रद्द."

शाल पायाशी पिशवीत होती. आयुष्यात एका आकड्याला वर-खाली न केलेला हा माणूस म्हणाला, "जुनं फडकं होतं, साहेब. फेकून दिलं."

साहेबांनी अहवाल ड्रॉवरमध्ये टाकला.

घरी आल्यावर मास्तरांनी शाल काढली आणि तोंडाशी धरली. तापलेल्या काँक्रीटचा वास आला. धुळीचा आला. घडी उलगडून त्यांनी आतला पदर हुंगला, मग काठ. तिथेही तेच. तिचा वास कधी गेला, ते त्यांना कळलंच नव्हतं.

"बाबा, आता तरी धुवायला टाकू का ती?" मुलीने आतून विचारलं.

"टाक," मास्तर म्हणाले.