रतनकाकांची तारामती

रतन मेस्त्री कारखान्यात स्टोअर सांभाळत. ओठावर अशी मिशी, की पार्किंगवरून भांडायला आलेला माणूस तिच्याकडे बघून आवाज खाली आणी. त्या मिशीखाली एक तारामती दडलीय, हे वाघोलीच्या आमच्या सोसायटीत कुणाला ठाऊक असणार? तरुणपणी काका कोकणात दशावतारात स्त्रीपार्टी होते, म्हणजे बायकांची कामं करणारे. त्यांची तारामती मेलेल्या रोहिदासाला मांडीवर घेऊन बसली, की देवळासमोर बसलेलं अख्खं गाव डोळे पुसायचं. पुण्यात आल्यापासून एकच हौस उरली होती: इथल्या लोकांनी एकदा तरी ती तारामती बघावी.

गणपतीत सांस्कृतिकचा भार स्वरालीवर. आयटीतली पोरगी, दोन कानांना दोन मोबाईल.

"काका, तुम्ही साडी नेसा ना, फुल्ल धमाल येईल!"

"अगं, तारामती रडते."

"हो ना, तेच तर फनी!"

काकांनी यातला 'हो' तेवढा ऐकला आणि मिशी उतरवली. शालनकाकू दारातच थबकल्या. "अगोबाई, वन्सं कधी आल्या?"

नऊवारीत काका स्टेजवर आले आणि शिट्ट्या सुरू झाल्या. त्याचं त्यांना काही नाही. गावीही वाजायच्या, पण पहिल्या वाक्याला विझायच्या. इथे पहिल्या वाक्याला हशा, दुसऱ्याला टाळ्या. "बाळा रोहिदासा" म्हणताच सोसायटीतला सलिल मागून ओरडला, "काका, एक नंबर!" जितका गळा काढावा, तितकी माणसं खुर्चीवरून खाली.

मग काकांनी ठेवणीतला डाव काढला. ते गप्प बसले. रोहिदास म्हणून मांडीवर घेतलेल्या कापडाच्या घडीवर हात ठेवून, नुसते. गावात हुंदके फुटायचे ते याच गप्प बसण्यावर. इथेही हसू ओसरायला लागलं. पुढची रांग शांत झाली, मग तिच्यामागची.

स्वरालीला वाटलं, काका वाक्य विसरले. तिने घाईघाईने डीजेला खूण केली. धडाधड गाणं वाजलं, पोरं नाचत स्टेजवर चढली, आणि 'बेस्ट कॉमेडी'चा कप तारामतीच्या हातात कोंबला गेला.

घरी शालनकाकू काकांच्या अंबाड्याचे आकडे काढत होत्या. "अहो, तुम्ही गप्प बसलात ना, तेव्हा मला खरंच भरून आलं होतं."

"मग मोठ्यानं रडायला काय झालं होतं गो तुला?" काका खेकसले. "एकजण रडलं असतं, तर चारजण थांबले असते!"

"आणि मला हसले असते तर?"

"हसू देत! मी काय करत होतो मग, पाऊण तास?"