बिनटाक्याची खोली

हॉस्पिटलच्या चहाच्या टेबलावर किस्से ॲडमिट होतात, पण त्यांना डिस्चार्ज कुणी देत नाही. मी भूल देणारा डॉक्टर. केडगावात आमच्या सर्जनबरोबर, म्हणजे सरांबरोबर, अपेंडिक्स आणि हर्निया करण्यात माझी उमर गेली. मग सरांनी पुण्यात ट्रेनिंग घेतलं आणि स्टोअररूम रिकामी करून बोटॉक्स, फिलर, थ्रेड असे चेहरा तरुण करायचे उपचार सुरू केले. चिरफाड नाही, टाके नाहीत. लोक आपल्याला सर्जन मानतील का, ही सरांची धाकधूक. आता भुलीला कोण विचारणार, ही माझी!

पहिले आले श्रीगोंद्याचे एक कारखान्यातले साहेब. डोळ्यांखालचे खड्डे भरून झाल्यावर त्यांनी टाके किती पडले ते विचारलं. एकही नाही म्हटल्यावर चेहरा पडला. "मग भेटायला येनाऱ्यांना दाखवू काय?" शेवटी सिस्टरने कपाळाला पट्टी लावून दिली, तेव्हा गडी खूश होऊन गेला.

एका पैलवानाने सुई बघून पूर्ण भूल मागितली. मी आनंदाने धावत गेलो. माझी सुई बघून तो सरांना म्हणाला, "तुमची बारकी हाय, तुमीच टोचा."

थ्रेड लिफ्टला, म्हणजे कातडीखाली दोरा घालून गाल वर ओढायला, आमची सिस्टर फोनवर 'डॉक्टर दोरा घालतात' असं सांगायची. झालं! तिसगावहून एक बाई न जेवणारं पोरगं घेऊन दोरा बांधून घ्यायला आली. सरांनी तपासून जंताचं औषध दिलं. पोरगं जेवायला लागलं. तिकडे आता सरांच्या दोऱ्याचं मोठं नाव आहे.

आणि सरूबाई. आमच्याच गल्लीतल्या, दोन सुनांच्या सासू. भुवयांमध्ये अशा आठ्या, की नात मांडीवर यायची नाही. "आजी रागावलीय म्हनती," हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. आम्हालाही वाईट वाटलं. सरांनी बोटॉक्स दिलं.

काही दिवसांनी सरूबाई नातीला कडेवर घेऊनच आल्या. कपाळ सपाट, नात गळ्यात पडलेली. सरांची छाती फुगली. सरूबाई म्हणाल्या, "हिचं लई ब्येस झालं. पन आठ्या परत घाला."

सर गडबडलेच. मी कारण विचारलं.

"मी वरडले तरी सुनांना वाटतं, आत्याबाई हसत्यात. कुनी ऐकंना."

सरांनी समजावलं, की तीन-चार महिन्यांत औषधाचा असर जातो, आठ्या आपोआप परत येतील.

सरूबाईंनी नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आन् तवर घर कुनी चालवायचं?"