बडा गणपतीला उतरलो नाही

काल दुपारी बाबांना घेऊन मुंबईहून इंदूरला परत आलो. एअरपोर्टच्या बाहेर आलो, मी टॅक्सी बुक करायला फोन काढतोय तोवर बाबा सरळ सिटी बसकडे चालायला लागले...

माझं डोकंच फिरलं. लिव्हरचा पेशंट, पायांवर सूज, आणि हे बसने जाणार! पण ऐकतील तर ते बाबा कसले? "सामने बस उभी आहे ना बेटा, मग टॅक्सी कशाला," म्हणत चढलेसुद्धा. जन्मभर सिटी बसने ऑफिसला गेलेला माणूस.

खरं सांगू? भांडायचं त्राणच नव्हतं माझ्यात. सकाळीच डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं... आता करण्यासारखं काही राहिलेलं नाही, यांना घरी घेऊन जा. बाबांना यातलं काही कळलेलं नाही, असं मी धरून चाललो होतो. आईला काय सांगायचं, या एकाच विचाराने विमानात जीव नकोसा झाला होता.

बस कालानी नगरच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकली. पुढे रस्ता खोदलेला, मागे हॉर्नचा नुसता कालवा. बाबा मात्र खिडकीला नाक लावून निवांत बसले होते. जणू हवापालट करून परत आलेत!

एक सांगायचं राहिलं. बाबांना सेव बंद होती. इंदूरच्या माणसाची सेव बंद करायची म्हणजे काय, हे इंदूरवाल्यांना सांगायला नको... आमच्याकडे पोह्यांवर सेव, वरणभातावर सेव, पपईवरसुद्धा सेव. आणि ज्या डॉक्टरांनी ती बंद केली, त्यांच्यासाठी बाबा दर खेपेला सेवचं पाकीट न्यायचे. रिकाम्या हाताने कसं जायचं!

पाकीट दिलं की विचारायचे, "मी कधी खाणार?" डॉक्टर दर वेळी डोळे वटारायचे. काल सकाळी मात्र म्हणाले, "खा काका, मनाला येईल ते खा." बाबा खळखळून हसले. चला, निदान खूश तरी झाले, असं मला वाटलं.

बडा गणपतीचा स्टॉप आला. तिथून घरी ई-रिक्षाने जायचं, म्हणून मी बॅगा उचलून उभा राहिलो. बाबा उठेचनात. राजवाड्यापर्यंत जाऊ, मग मागे फिरू, म्हणाले. मी वैतागलो. म्हटलं, बाबा, आई वाट बघतेय!

"म्हणूनच तर," बाबा म्हणाले. "डॉक्टरने आज सेव खा म्हटलं रे... इतके महिने रागवत होता तो. मला काय कळत नाही? घरी गेलो की तुझी आई विचारणार. जरा बसू दे."

बस सुटली. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि भर बसमध्ये रडलो, अगदी लहान मुलासारखा. कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, "क्या हुआ भिया?" बाबांनी माझा हात धरला होता. तेच त्याला म्हणाले, "कुछ नहीं, बहुत दिन में घर आया है."

संध्याकाळी आईने त्यांच्यासाठी नेहमीची अळणी खिचडी वाढली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "अगं, थोडी सेव दे. डॉक्टरने परवानगी दिलीय."

आईचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू... "पथ्य सुटलं? अगंबाई, म्हणजे बरे झालात की!" मूठभर सेव तिने त्यांच्या खिचडीवर घातली आणि शेजारच्या काकूंना सांगायला धावली. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जेवायला लागले.

आजही आम्ही तिला सांगितलेलं नाही. कसं सांगायचं, कोणी सांगायचं, मला काही म्हणजे काही सुचत नाही. ती मोबाईलवर फोन घेण्यापलीकडे काही बघत नाही, म्हणून इथे लिहितोय.

मित्रांनो, बाबांना भेटायला याल तर फळं नकोत, सेव आणा. आई दारातच आनंदाने सांगेल, यांचं पथ्य सुटलं म्हणून... तेव्हा माझ्याकडे बघू नका. तिला फक्त "अरे वा" म्हणा.