आत्याची गाणी आणि माझं मशीन

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळायचो. समोरच्या छापखान्यात अक्षरजुळणी करणारा माझा दोस्त होता. त्याचा कॉम्प्युटर वेगळ्या जातीचा. फ्लॉपी तीच, पण माहिती मांडायची रीत निराळी. माझ्या फ्लॉप्या त्याचं मशीन वाचायचं, त्याच्या माझं वाचत नसे. म्हणून कोरी फ्लॉपी आधी माझ्या मशीनवर तयार, म्हणजे फॉरमॅट, व्हायची. छापायचा मजकूर भरून ती खिशात घालून आम्ही सारखे रस्ता ओलांडायचो आणि प्रत्येक फेरीला चहा व्हायचा.

एकदा त्याने आपल्या नुकत्याच वारलेल्या आत्याची हळदीची गाणी आणली. घाईत ती त्याच्याच पद्धतीच्या फ्लॉपीत भरली होती. दुसरी प्रत नव्हती.

"बघ भाऊ, तुझ्या मशीनला आमचं गावरान पचतं का!" असं म्हणून तो चहा सांगायला गेला.

फ्लॉपी तयार नाही, तयार करू का, असं पडद्यावर आलं. मी सवयीने 'हो' दाबलं. त्याने सगळं पुसलं जातं, हे ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता.

तो आल्यावर मी म्हणालो, "रिकामीच आल्ती रे."

"मंग माझंच काही चुकलं. गाणी लिहिलेले कागद बी फेकून दिले मी."

पुढे वडीगोद्रीला त्याच्या लेकीच्या हळदीत तो बायकांना आत्याचं गाणं सांगताना दोन ओळींवर अडला. "पुढचं आठवत न्हाई. माझ्याच हातानं घालवलं," तो मला म्हणाला.

तुझ्या नाही, माझ्या हातानं गेलं, मला माफ कर, एवढंच बोलायचं होतं. मी पंगतीत जाऊन बसलो. आता तो नाही.